मेक्सिकोचा दहा महिन्यांचा सम्राट

मेक्सिकोच्या राष्ट्रध्वजावर हिरवा, पांढरा आणि तांबडा असे तीन रंग आहेत. हे रंग त्या राष्ट्राला ज्या माणसानें दिले, त्याच माणसाला स्वातंत्र्य मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आंत एका आडगांवच्या चौकांत उभें करून गोळ्या घालण्यांत आल्या. त्याचें नांव आगुस्तिन दे इतुर्बिदे. मेक्सिकोची राजधानी परकी सत्तेपासून मुक्त झाली ती २७ सप्टेंबर १८२१ रोजीं. परंतु त्या देशांत स्वातंत्र्याचा उत्सव होतो तो १६ सप्टेंबरला, म्हणजे मिगेल हिदाल्गो नांवाच्या धर्मोपदेशकानें १८१० सालीं पहिलें बंड पुकारलें त्या दिवसाच्या स्मरणार्थ. ज्यानें आरंभ केला आणि जो हरला, तो राष्ट्रपिता ठरला. ज्यानें कार्य शेवटास नेलें आणि जो जिंकला, त्याचें नांव उच्चारतांना अजूनही तेथील लोक थबकतात. असें कां व्हावें, याचा उलगडा इतुर्बिदेच्या चरित्रांतच सांपडतो.

इतुर्बिदेचा जन्म २७ सप्टेंबर १७८३ रोजीं वायादोलिद या शहरीं झाला. या शहराला पुढें मोरेलिया हें नांव मिळालें. तो प्रदेश त्या वेळीं ‘नवा स्पेन’ या नांवानें ओळखला जाई आणि तेथें स्पेनच्या राजाचा प्रतिनिधि कारभार पाही. सुमारें ६० लाख लोकवस्तीच्या या विस्तीर्ण मुलखांत वरिष्ठ अधिकार प्रायः स्पेनहून आलेल्या लोकांच्या हातीं असत. त्यांच्या खालोखाल क्रिओल, म्हणजे स्पॅनिश रक्ताचे पण अमेरिकेंत जन्मलेले लोक. यांच्याजवळ जमीनजुमला असे, शिक्षण असे, प्रतिष्ठा असे. परंतु सर्वांत वरची पायरी त्यांना सहसा लाभत नसे. त्यांच्या खालीं मिश्र वंशाचे लोक, आफ्रिकी वंशाचे लोक, आणि संख्येनें सर्वांत अधिक असे मूळचे इंडियन. इतुर्बिदे हा या क्रिओल वर्गांतला. बाप स्पेनच्या नव्हारा प्रांतांतून येऊन जमीनदार झालेला. मुलानें कांहीं काळ धर्मविद्यालयांत घालविला, पण त्याचा खरा ओढा घोडा आणि तलवार यांकडे. कोवळ्या वयांतच तो प्रांतिक पलटणींत अधिकारी म्हणून दाखल झाला, आणि १८०५ सालीं आना मारिया उआर्ते या धनाढ्य घराण्यांतील कन्येशीं त्याचा विवाह झाला.

१८०८ सालीं नेपोलियननें स्पेनचा राजा कैद केला आणि दूरच्या वसाहतींत राज्याचा पाया हादरला. दोन वर्षांनीं हिदाल्गोनें दोलोरेस गांवीं बंडाची हांक दिली. हजारों इंडियन व गोरगरीब विळे, कोयते, काठ्या घेऊन त्याच्यामागें निघाले. हिदाल्गोनें इतुर्बिदेला आपल्या सैन्यांत लेफ्टनंट जनरलचा हुद्दा देऊं केला, असें इतुर्बिदेनेंच पुढें लिहून ठेवलें आहे. त्यानें तो नाकारला. या उठावानें देशाची केवळ धूळधाण होईल, असें त्याचें मत झालें होतें. ग्वानाह्वातो येथील धान्यकोठारांत आश्रय घेतलेल्या स्पॅनिश लोकांची २८ सप्टेंबर १८१० रोजीं जी कत्तल झाली, तिनें त्याच्यासारख्या कित्येक क्रिओलांच्या मनाचा निश्चय झाला. त्यांना स्पेनचा जाच नकोसा होता. पण खालच्या लोकांचा क्षोभ त्याहूनही भयंकर वाटत होता.

तेव्हांपासून जवळजवळ सहा वर्षें इतुर्बिदे स्पेनच्या बाजूनें आपल्याच देशबांधवांविरुद्ध लढला, आणि मोठ्या हिरिरीनें लढला. मोंते दे लास क्रुसेस येथील लढाईंत, हिदाल्गोचा प्रचंड जमाव राजधानीच्या तोंडाशीं आला असतां, तो हजर होता व त्याबद्दल त्याला कॅप्टनची बढती मिळाली. १८१२ सालीं आल्बिनो गार्सिया हा चपळ बंडखोर सरदार त्यानें पकडला. १८१३ च्या डिसेंबरांत, होसे मारिया मोरेलोस हा बंडखोरांचा सर्वांत कुशल सेनानी वायादोलिदवर चालून आला, तेव्हां इतुर्बिदेनें थोड्या घोडेस्वारांनिशीं संध्याकाळच्या काळोखांत त्याच्या छावणीवर धाड घातली आणि तें सैन्य उधळून लावलें. मोरेलोस त्या आघातांतून पुन्हां सांवरला नाहीं. ज्या स्वातंत्र्ययुद्धाचा शेवट इतुर्बिदेच्या हातून व्हावयाचा होता, त्याचा कणा प्रथम मोडणाऱ्यांत तोही एक होता.

या पराक्रमाला काळी बाजूही आहे. कैद्यांना देहांत शासन देण्यांत तो मागेंपुढें पाहत नसे. बंडखोरांच्या बायका व आप्त यांनाही त्यानें बंदींत घातलें. ग्वानाह्वातोच्या अधिकाराचा फायदा घेऊन धान्य आणि चांदी यांच्या व्यापारांत त्यानें स्वतःचें घर भरलें, अशी तक्रार तेथील प्रतिष्ठितांनीं केली. १८१६ सालीं त्याला सेनापतिपदावरून दूर करण्यांत आलें. चौकशींत तो निर्दोष ठरला, पण अधिकार परत मिळाला नाहीं. पुढील चार वर्षें तो राजधानींत व आपल्या शेतीवाडीवर जवळजवळ रिकामा बसून होता. मान मिळालेला पण पद गेलेला सैनिक कोणत्याही राज्यास धोक्याचाच असतो.

इतिहासाचें चक्र फिरलें तें मात्र स्पेनमध्यें. १ जानेवारी १८२० रोजीं राफाएल रिएगो या अधिकाऱ्यानें, अमेरिकेंत पाठविण्यासाठीं जमविलेल्या फौजेलाच हातीं धरून, आंदालुसियांत बंड केलें. सातव्या फर्डिनंड राजाला १८१२ ची उदारमतवादी राज्यघटना पुन्हां मान्य करावी लागली. नव्या स्पॅनिश पार्लमेंटानें चर्चच्या मालमत्तेवर व विशेष हक्कांवर हात घालण्यास आरंभ केला. ही वार्ता मेक्सिकोंत येतांच वरिष्ठ धर्माधिकारी, जमीनदार व लष्करी अंमलदार यांची झोंप उडाली. आजवर राजनिष्ठा हीच आपली ढाल आहे असें ज्यांना वाटे, त्यांनाच आतां राजापासून दूर होणें हिताचें दिसूं लागलें. क्रांतीच्या भयानें ज्यांनीं दहा वर्षें स्वातंत्र्य रोखून धरलें, तेच आतां स्पेनमधील क्रांतीच्या भयानें स्वातंत्र्याकडे वळले.

नोव्हेंबर १८२० मध्यें राजप्रतिनिधि आपोदाका यानें इतुर्बिदेला पुन्हां सेवेंत घेतलें आणि दक्षिणेंतील डोंगराळ मुलखांत विसेन्ते गेरेरो याचा बीमोड करण्यास पाठविलें. गेरेरो हा आफ्रिकी व इंडियन रक्ताचा, खेंचरांच्या तांड्यांवर मालाची नेआण करणाऱ्या घराण्यांतला. बाकीचे पुढारी मेले, शरण आले वा लपले; पण यानें स्वातंत्र्याची धुनी डोंगरांत पेटती ठेवली होती. पहिल्या चकमकींत इतुर्बिदेच्या तुकड्यांनाच मार खावा लागला. तेव्हां त्यानें तलवार बाजूला ठेवून लेखणी उचलली. जानेवारी १८२१ पासून दोघांमध्यें पत्रव्यवहार सुरू झाला. दोघांनीं आकातेंपान गांवीं एकमेकांना आलिंगन दिलें, अशी कथा मेक्सिकोंत सांगतात. इतिहासकारांना तिची खात्री वाटत नाहीं. आलिंगन झालें असो वा नसो, समेट झाला, हें निश्चित.

२४ फेब्रुवारी १८२१ रोजीं इग्वाला गांवीं इतुर्बिदेनें आपली योजना जाहीर केली. मेक्सिकोच्या इतिहासांत ती ‘इग्वालाची योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिचा गाभा तीन अभिवचनांत होता: कॅथॉलिक धर्माचें रक्षण, देशाचें स्वातंत्र्य, आणि अमेरिकन व युरोपियन यांची एकी. पांढरा रंग धर्माचा, हिरवा स्वातंत्र्याचा आणि तांबडा एकीचा, हें त्या निशाणाचें इंगित होतें. राज्यपद्धति घटनाबद्ध राजेशाहीची राहावी आणि सिंहासनावर फर्डिनंडनें स्वतः यावें अथवा राजघराण्यांतील कोणी पाठवावा, असें तींत म्हटलें होतें. युरोपियन, आफ्रिकी, इंडियन असा भेद न करतां सर्व रहिवाशांस नागरिक मानून गुणांप्रमाणें कोणतेंही पद मिळण्यास पात्र ठरविणारें एक कलमही होतें.

या योजनेचें कसब लक्षांत घेण्याजोगें आहे. धर्माधिकाऱ्यांना तिनें त्यांचे हक्क दिले, जमीनदारांना मालमत्तेची हमी दिली, सैनिकांना त्यांचे हुद्दे दिले, मेक्सिकोंत राहणाऱ्या स्पॅनिश लोकांना अभय दिलें, आणि गेरेरोच्या अनुयायांना स्वातंत्र्य व समान नागरिकत्व दिलें. एकाही पक्षाला सर्व कांहीं मिळालें नाहीं. परंतु एकाही पक्षाला रिकाम्या हातानें परत जावें लागलें नाहीं. आणि या सर्वांच्या मध्यभागीं जें सिंहासन होतें, तें रिकामें होतें. त्यावर कोणीतरी दूरचा राजपुत्र बसेल, म्हणजेच आपल्यांतला कोणी बसणार नाहीं, हीच सर्वांची खरी हमी होती.

अकरा वर्षांच्या रक्तपातानें जें साधलें नव्हतें, तें या कागदानें सात महिन्यांत साधलें. आकापुल्कोकडे निघालेला, व्यापाऱ्यांच्या मालकीचा ५ लाखांहून अधिक पेसोंचा चांदीचा खजिना इतुर्बिदेनें वाटेंत ताब्यांत घेतला व त्यावर सैन्याचा पगार चालविला. एकामागून एक पलटणी त्याला येऊन मिळाल्या. कित्येक शहरें एकही तोफ न डागतां उघडलीं. जुलै १८२१ मध्यें राजधानींतील सैन्यानें, हा आपोदाका दुबळा आहे असें म्हणून, त्यालाच पदच्युत केलें. त्याच सुमारास स्पेनहून हुआन ओदोनोहू हा नवा मुख्य अधिकारी वेराक्रुझ बंदरीं उतरला. देश हातचा गेला आहे, हें त्या अनुभवी सैनिकानें ताबडतोब ओळखलें. २४ ऑगस्ट १८२१ रोजीं कोर्दोबा येथें त्यानें इतुर्बिदेशीं तह करून स्वातंत्र्यास मान्यता दिली. या तहांत एक लहानसा फरक शिरला होता. स्पेनच्या राजपुत्रांपैकीं कोणीही न आल्यास मेक्सिकोची प्रतिनिधिसभा सम्राट निवडील, असें त्यांत लिहिलें. निवडलेला मनुष्य राजघराण्यांतलाच असावा, ही अट मात्र नव्हती. रिकाम्या सिंहासनाच्या दालनाचें दार अशा रीतीनें किलकिलें राहिलें.

२७ सप्टेंबर १८२१ रोजीं, आपल्या ३८ व्या वाढदिवशीं, इतुर्बिदेनें सुमारें १६,००० सैन्यानिशीं राजधानींत प्रवेश केला. रस्त्यांत कमानी उभारल्या होत्या, घंटा वाजत होत्या. त्याच दिवशीं त्यानें सर्व सोडून दिलें असतें, तर त्याचें नांव आज निराळ्या पंक्तींत घेतलें गेलें असतें. पण तो राजमंडळाचा अध्यक्ष झाला, सरसेनापति झाला, आणि त्याला वर्षाला १ लक्ष २० हजार पेसो वेतन ठरलें. ओदोनोहू आक्टोबरच्या ८ तारखेलाच आजारानें वारला. समतोल राखणारा एक वडीलधारा गेला.

नव्या राज्याची तिजोरी आरंभापासूनच रिकामी होती. युद्धानें खाणी बुडाल्या होत्या, शेती उजाड झाली होती. लोकप्रियतेसाठीं इतुर्बिदेनें विक्रीवरील कर शेंकडा ६ पर्यंत उतरविला व दुसरे कित्येक कर उठविले. उलट सैन्य मात्र वाढलें होतें व तें पगार मागत होतें. २४ फेब्रुवारी १८२२ रोजीं प्रतिनिधिसभा भरली. सार्वभौम सत्ता आपलीच, असें तिनें पहिल्याच दिवशीं जाहीर केलें. सैन्य कमी करावें, या तिच्या आग्रहानें सरसेनापति दुखावला. अशांत बातमी आली कीं, स्पेनच्या पार्लमेंटानें कोर्दोबाचा तह फेंटाळला आहे. राजपुत्र येणार नव्हता. आतां सिंहासन खरोखरच रिकामें झालें.

१८ मे १८२२ च्या रात्रीं पिओ मार्चा नांवाचा एक सार्जंट आपल्या पलटणीसह बराकींतून बाहेर पडला आणि ‘पहिला आगुस्तिन चिरायु होवो’ अशी घोषणा करीत रस्त्यानें निघाला. दुसऱ्या पलटणी मिळाल्या, शहरांतला जमाव मिळाला, मशाली पेटल्या, देवळांच्या घंटा वाजूं लागल्या. इतुर्बिदे राहत असलेल्या वाड्याच्या सज्जाखालीं हा लोंढा येऊन थांबला. तो वाडा आजही त्याच्याच नांवानें ओळखला जातो. आपण पुष्कळ नको नको म्हटलें, असें त्यानें नंतर लिहिलें; पण सकाळपर्यंत त्यानें होकार दिला होता. १९ मे रोजीं सभा बसली, ती गॅलऱ्यांत भरलेल्या जमावाच्या आरोळ्यांत. नियमाप्रमाणें आवश्यक तेवढे सभासद हजर नव्हते. कित्येकांनीं विनविलें कीं, प्रांतांचें मत घेऊं द्या. शेवटीं ६७ मतें बाजूनें आणि १५ विरुद्ध पडलीं, आणि मेक्सिकोला सम्राट मिळाला. २१ जुलै रोजीं राजधानीच्या मोठ्या प्रार्थनामंदिरांत राज्याभिषेक झाला. मुकुट त्याच्या मस्तकावर ठेवला तो सभेचा अध्यक्ष राफाएल मांगिनो यानें. त्या हातांनीं जें दिलें, तें परत घेण्याचा हक्कही आपलाच, ही भावना त्या विधींतच दडलेली होती.

या साम्राज्याचा विस्तार कागदावर अफाट होता. मध्य अमेरिका त्यांत सामील झाल्यामुळें तें उत्तरेस कॅलिफोर्नियापासून दक्षिणेस कोस्टारिकापर्यंत पसरलें होतें. परंतु विस्तार मोठा व विश्वास लहान अशी त्याची स्थिति होती. २६ ऑगस्ट रोजीं कटाच्या संशयावरून सम्राटानें कित्येक प्रतिनिधींना कैद केलें. ३१ आक्टोबरला त्यानें सभाच बरखास्त करून स्वतःच्या पसंतीचें एक लहान मंडळ नेमलें. पैशासाठीं सक्तीचीं कर्जें उभारलीं, व्यापाऱ्यांचे १२ लाखांहून अधिक पेसो वाटेंत अडकवून घेतले, आणि वर्षअखेर कागदी चलन काढलें. मालमत्तेच्या रक्षणासाठीं ज्या वर्गानें त्याला हात दिला होता, त्याच वर्गाच्या पेटीला त्यानें हात घातला.

२ डिसेंबर १८२२ रोजीं वेराक्रुझ येथें आन्तोनियो लोपेस दे सांता आना या तरुण अधिकाऱ्यानें प्रजासत्ताकाची घोषणा केली. हा सांता आनाही स्पेनच्याच सैन्यांत वाढलेला. सम्राटानें नुकतेंच त्याला वेराक्रुझच्या अधिकारावरून दूर केलें होतें. ज्या मार्गानें स्वतः इतुर्बिदे वर आला होता, त्याच मार्गानें हा दुसरा सैनिक निघाला. जुना बंडखोर गेरेरोही सम्राटाविरुद्ध उठला. बंड मोडण्यासाठीं सम्राटानें आपला विश्वासू सेनापति एचावारी यास पाठविलें. पण वेढा लांबला, आणि १ फेब्रुवारी १८२३ रोजीं एचावारीनें कासा माता येथें शत्रूशींच जुळवून घेऊन नव्या प्रतिनिधिसभेची मागणी केली. प्रांतांमागून प्रांत या मागणीस अनुकूल झाले. दोन वर्षांपूर्वीं इग्वालाच्या कागदासमोर राजप्रतिनिधीचें सैन्य जसें विरघळलें होतें, तसेंच आतां सम्राटाचें सैन्य विरघळलें. इतुर्बिदेनें बरखास्त केलेली सभा स्वतःच पुन्हां बोलाविली आणि १९ मार्च १८२३ रोजीं मुकुट तिच्या स्वाधीन केला. सभेनें उत्तर दिलें कीं, राज्यत्याग स्वीकारण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. कारण निवडणूक जुलमानें झाली, म्हणून ती मुळांतच शून्य होय.

रक्तपात टाळण्यासाठीं तो निमूटपणें निघाला, ही गोष्ट त्याच्या नांवावर मांडली पाहिजे. ११ मे १८२३ रोजीं कुटुंबासह तो जहाजांत चढला. वर्षाला २५,००० पेसोंचें वेतन सभेनें त्याला मंजूर केलें होतें. इटलींतील लिव्होर्नो येथें त्यानें आपल्या कृत्यांची कैफियत लिहिली. पुढें तो लंडनला गेला. स्पेन युरोपांतील राजांच्या साहाय्यानें मेक्सिकोवर पुन्हां चढाई करणार, अशा वार्ता तेथें त्याच्या कानीं येत. त्यानें मेक्सिकोच्या सभेस लिहून आपली तलवार देऊं केली. सभेचें उत्तर २८ एप्रिल १८२४ च्या हुकुमांत आलें: इतुर्बिदेनें देशांत पाऊल ठेवल्यास तो त्या क्षणापासून राष्ट्रद्रोही व कायद्याबाहेरचा समजावा. परंतु तारायंत्रांच्या अगोदरचा तो काळ. हुकूम समुद्र ओलांडण्यापूर्वींच, मे महिन्यांत, तो इंग्लंडहून निघाला. बरोबर गरोदर पत्नी व दोन धाकटीं मुलें होतीं. लढाईस निघालेला मनुष्य असा बिऱ्हाड घेऊन निघत नाहीं. आपलें स्वागतच होईल, असें त्याला वाटत असावें.

जुलैच्या मध्यास सोतो ला मारिना या बंदराजवळ तो वेष पालटून उतरला. त्याची घोड्यावर बसण्याची ढब पाहून एका अधिकाऱ्यानें त्याला ओळखलें, असें सांगतात. तेथील सेनाधिकारी फेलिपे दे ला गार्सा हा होता. यानें १८२२ सालीं सम्राटाविरुद्ध बंड केलें होतें आणि सम्राटानें त्याला क्षमा केली होती. त्याच गार्सानें त्याला पादिया गांवीं तामौलिपास प्रांताच्या सभेपुढें नेलें. सभेनें हुकूम वाचून दाखविला. ज्या कायद्यानें तो मृत्यूस पात्र ठरला, तो कायदा त्यानें तेव्हां प्रथमच ऐकला. १९ जुलै १८२४ च्या संध्याकाळीं गांवच्या चौकांत, धर्म सांभाळा आणि कायदा पाळा, असें लोकांस सांगून तो गोळीबारास सामोरा गेला. त्याची विधवा पत्नी पुढें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहिली आणि १८६१ सालीं फिलाडेल्फिया येथें वारली.

१८३८ सालीं त्याचे अवशेष समारंभानें राजधानींत आणून मोठ्या प्रार्थनामंदिरांत ठेवण्यांत आले. तो समारंभ घडविणारा अध्यक्ष आनास्तासियो बुस्तामान्ते हाही त्याच्याच जुन्या सैन्यांतला. याच बुस्तामान्तेच्या राजवटींत, १८३१ सालीं, गेरेरोलाही गोळ्या घालण्यांत आल्या होत्या. १८२९ सालीं अध्यक्षपदावरून गुलामगिरी रद्द करणारा तो पुरुषही शेवटीं त्याच मार्गानें गेला. सांता आना तर पुढें वारंवार सत्तेवर चढला आणि वारंवार घसरला. त्याच्या काळांत टेक्सास गेलें आणि १८४८ च्या तहानें देशाचा निम्मा मुलूख गेला. बराकींतून निघालेली घोषणा राजा करूं शकते, हें १८ मेच्या रात्रीं देशाला एकदां कळलें. मग तें विसरवणें कोणालाच साधलें नाहीं. इतुर्बिदेच्या दहा महिन्यांच्या राज्याची खरी किंमत ही आहे, आणि ती त्याच्या एकट्याच्या प्राणांनीं फिटली नाहीं.

त्याला केवळ स्वार्थी म्हणणें अन्यायाचें होईल. भिन्न हितसंबंधांची सांगड घालून राष्ट्र बांधण्याची बुद्धि त्याच्याजवळ होती, आणि ती त्या काळीं दुसऱ्या कोणापाशीं दिसली नाहीं. परंतु ज्या तडजोडीवर सर्वांचा विश्वास बसला होता, तिचा आधार एकच होता: मधलें आसन कोणाही एकाचें नाहीं. तें आसन त्यानें आपलें केलें, आणि त्याच क्षणीं बाकीच्यांना दिलेलीं तिन्ही अभिवचनें एका माणसाच्या मर्जीवर येऊन पडलीं.

जुनें पादिया गांव आज पाण्याखालीं आहे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या आरंभीं तेथें एक मोठें धरण बांधण्यांत आलें आणि ज्या चौकांत सम्राट पडला तो चौक जलाशयांत गेला. त्या धरणाला नांव दिलें आहे विसेन्ते गेरेरोचें.